पहिल्या तासाला पुस्तक

धाराशिव जिल्ह्यात महाविद्यालयाचे पहिले सत्र आणि सोयाबीनचा हंगाम बरोबरच चालतात. जूनमध्ये पेरणी होते, त्याच सुमारास प्रवेश सुरू होतात. दसऱ्याच्या आगेमागे रास होते आणि तेव्हाच परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागते. घरात रोकड येते ती माल बाजार समितीत गेल्यावर. पेरणीच्या दिवसांत जो पैसा असतो तो बियाणे, खत आणि तणनाशकाला जातो. उरलेल्यातून प्रवेश फी, एसटीचा पास, शहरात राहायचे तर खोलीचे भाडे. पुस्तकाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि तोपर्यंत सत्र उलटून गेलेले असते. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने उभी पिकेच नेली. अशा वर्षी तर पुस्तकाचा विषयही घरात कोणी काढत नाही.

कृषी सेवा केंद्रात बियाणे उधारीवर मिळते, बुक डेपोत पुस्तक उधारीवर मिळत नाही. त्यामुळे बी.ए. किंवा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलीच्या सॅकमध्ये बहुतेक सत्रभर एक दोनशेपानी वही, वर्गातल्या कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेल्या दोन-चार पीडीएफ फाइली असतात. परीक्षा आठ दिवसांवर आली की त्यात एका गाइडची भर पडते. या सामग्रीवर ती परीक्षा देते, एखाद-दोन विषय राहतात, आणि निकालपत्रावर ‘एटीकेटी’ उमटते. घरी मात्र एवढेच कळते की पोरीला कॉलेज झेपत नाही.

हा लेख त्या न मिळालेल्या पुस्तकाबद्दल आहे. महाविद्यालय आणि शैक्षणिक प्रकाशक यांच्यात आज जे नाते आहे ते नमुना प्रतीपुरते आहे. प्रकाशकाचा प्रतिनिधी येतो, ‘नमुना प्रत, विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारलेले पुस्तक विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवतो, चहा घेतो आणि पुढच्या गावाला जातो. किती मुलांना पुस्तक लागेल, कधी लागेल, त्यांना किती किंमत परवडेल, पुस्तकातला कोणता धडा त्यांना कळत नाही, यातले काहीच या भेटीत बोलले जात नाही. ते बोलणे सुरू झाले आणि त्याला लेखी कराराचे रूप आले, तर या जिल्ह्यातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला त्याचा जेवढा लाभ होईल तेवढा दुसऱ्या कोणत्याही स्वस्त उपायाने होणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी पुस्तके, मग वर्ग

या जिल्ह्याच्या इतिहासात या विषयाचा एक मोठा धडा आहे. धाराशिवला उस्मानाबाद हे नाव ज्याच्यावरून पडले तो सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने १९१७ मध्ये हैदराबादला विद्यापीठ काढण्याचे फर्मान काढले. उच्च शिक्षण इंग्रजीतून न देता उर्दूतून द्यायचे, असा त्या विद्यापीठाचा पाया होता. अडचण उघड होती. रसायनशास्त्र, कायदा, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांवर पदवीच्या दर्जाची उर्दू पुस्तके पुरेशी नव्हतीच. म्हणून त्याच वर्षी ‘दारुल तर्जुमा’ हा अनुवाद विभाग सुरू झाला. मौलवी अब्दुल हक यांच्याकडे त्याची सूत्रे आली. परिभाषा ठरवण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या आणि त्यांत विषयाचे जाणकार व भाषेचे जाणकार एकत्र बसवले गेले. उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग भरू लागले ते १९१९ मध्ये. वर्ग सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी पुस्तकांचे काम सुरू झालेले होते.

पद्धत योग्य होती. भाषा मात्र मराठवाड्याच्या रयतेची नव्हती. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या प्रजेवर एक चौथीच भाषा शिक्षणासाठी लादली गेली. त्याला उत्तर म्हणून याच जिल्ह्यात, आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले. हिप्परग्याने भाषेचा प्रश्न सोडवला. दारुल तर्जुमाकडे ग्रंथनिर्मितीची जी यंत्रणा होती ती मात्र मराठीला या भागात तेव्हा लाभली नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणारे हेच विद्यापीठ धाराशिवच्या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम ठरवते, आणि त्याचे उपपरिसर केंद्र धाराशिव शहरात आहे. वर्ग मराठीतून सुरू झाले, परीक्षा मराठीतून सुरू झाल्या. पुस्तकांचे काय, हा प्रश्न मागे राहिला.

तो सोडवायचा एक गंभीर प्रयत्न राज्याने केला होता. साठच्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारने प्रादेशिक भाषांत विद्यापीठीय ग्रंथ तयार करण्यासाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. त्यातून नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथ निर्मिती मंडळ उभे राहिले. अर्थशास्त्रापासून वनस्पतिशास्त्रापर्यंतचे ग्रंथ मराठीत आले. जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत, मागच्या रॅकवर, जाड पुठ्ठ्यातले हे ग्रंथ अजून सापडतात. त्यांची भाषा काटेकोर आहे, परिभाषा विचारपूर्वक घडवलेली आहे. पण अभ्यासक्रम बदलत गेले आणि पुस्तके त्यांच्यासोबत बदलली नाहीत. वर्गात शिकवणारा प्राध्यापक आणि ग्रंथ तयार करणारी यंत्रणा यांच्यात सततचा संबंध नसेल, तर चांगला ग्रंथही दहा वर्षांत जुना होतो. भागीदारी हवी ती याच कारणाने.

एकाच इमारतीतले दोन विद्यार्थी

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच महाविद्यालयांच्या इमारतींत आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झाले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शिक्षक रोज समोर नसणार, हे गृहीत धरून या विद्यापीठाने पुस्तकालाच शिक्षक मानले. मुक्त विद्यापीठाचे छापील पुस्तक उघडून आतले पान पाहा. लेखकाच्या नावाशेजारी विषय संपादक, भाषा संपादक आणि अनुदेशन तंत्र संपादक अशी वेगवेगळी नावे दिसतात. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मध्ये स्वतःला तपासून पाहण्याचे प्रश्न, शेवटी सारांश, शब्दार्थ आणि स्वाध्याय. शिक्षक जवळ नसतानाही नेमके कुठे अडले हे मुलाला कळावे, अशी ही रचना आहे. आणि या अभ्यास साहित्याचा खर्च फीमध्येच धरलेला असतो.

मुक्त विद्यापीठाची अभ्यास केंद्रे नेहमीच्या महाविद्यालयांतच चालतात. म्हणजे रविवारी ज्या वर्गात मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बसतो, सोमवारी त्याच बाकावर नियमित विद्यार्थी बसतो. पहिल्यासाठी पुस्तक हा शिक्षणाचा भाग आहे, दुसऱ्यासाठी ती त्याची खासगी अडचण आहे. ज्याला रोज शिक्षक मिळतो त्याला पुस्तकाची गरज कमी, असे आपण मानून बसलो आहोत. पण धाराशिवचा नियमित विद्यार्थी तरी रोज कुठे येऊ शकतो? वाशी, कळंब, भूम भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर बाहेर पडतात. मोठी मुले काही वेळा आई-बापांबरोबर फडावर जातात, नाहीतर मागे राहून घर आणि धाकटी भावंडे सांभाळतात. पावसाळ्यात एसटी चुकली की दिवस गेला. हा विद्यार्थी नावापुरता नियमित आहे. प्रत्यक्षात तो अर्धा दूरशिक्षणच घेतो, तेही पुस्तकाशिवाय.

फीमाफीने हा प्रश्न सुटत नाही. राज्याने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या पात्र मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले, हे स्वागतार्हच आहे. पण त्यात पुस्तक नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची पुस्तकपेढी योजना १९७८-७९ पासूनची. ती वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या मुलांसाठी सुरू झाली आणि पुढे आणखी काही व्यावसायिक अभ्यासक्रमांपर्यंत गेली. जिल्ह्यातली मुले मोठ्या संख्येने जिथे शिकतात ते बी.ए., बी.कॉम. तिच्या बाहेरच राहिले.

प्रकाशकाचा हिशेब

प्रकाशकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्याचा हिशेबही समजून घेतला पाहिजे. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येतो तो कित्येकदा सत्र तोंडावर आल्यावर. त्यानंतर लेखक गाठायचा, मजकूर मिळवायचा, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, छपाई, बांधणी आणि मग पुणे, छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरहून पार्सल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा नवा आराखडा २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आला. मेजर, मायनर, जेनेरिक इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्य अभ्यासक्रम अशा नव्या पेपरांची एकदम रीघ लागली. यांतल्या कित्येक पेपरांना पुस्तकच नव्हते. एखाद्या ऐच्छिक विषयाला साऱ्या जिल्ह्यात किती मुले आहेत हेच प्रकाशकाला माहीत नसेल, तर तो हजार प्रती छापून गोदामात का ठेवेल? मग तो धोका टाळतो आणि प्रश्नोत्तरी गाइड काढतो, कारण त्याचा खप ठरलेला असतो. दहावीला ‘२१ अपेक्षित’वर वाढलेली पिढी पदवीलाही तेच मागणार, हा त्याचा अंदाज चुकत नाही.

म्हणजे प्रकाशकाला आगाऊ आकडा हवा आहे आणि महाविद्यालयाला वेळेवर पुस्तक हवे आहे. आकडा महाविद्यालयाच्या प्रवेश नोंदीत पडून आहे. तो प्रकाशकापर्यंत कोणी पोचवत नाही, एवढीच अडचण आहे.

दुसरी गाठ प्राध्यापक-लेखकाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १० गुण आहेत, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५, पुस्तकाच्या अनुवादाला ८. पदोन्नतीसाठी गुण लागतात, म्हणून पुस्तके निघतात. त्यांतली काही उत्तम आहेत. पण पुष्कळशी गुणांसाठी निघतात आणि विद्यार्थ्याच्या हातात कधीच जात नाहीत. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात मोफत मिळतो. त्याने पुस्तकाची नोंद होते, दर्जाची हमी मिळत नाही. अनुवादाला ८ गुण ठेवणाऱ्या या नियमाचा चांगला उपयोग करायचा तर जिल्ह्यातल्या प्राध्यापकांनी मिळून एक उत्तम पाठ्यपुस्तक मराठीत आणावे, ते दोन सत्रे वर्गात वापरून पाहावे आणि मग प्रकाशकाने छापावे.

मोठ्या पातळीवर हालचाली सुरू आहेत. २०२२ च्या अखेरीस आयोगाने वायली, स्प्रिंगर नेचर, टेलर अँड फ्रान्सिस, केंब्रिज, सेंगेज, मॅग्रॉ-हिल यांच्या प्रतिनिधींशी भारतीय भाषांतल्या पाठ्यपुस्तकांबाबत बोलणी केली. जुलै २०२४ मध्ये ‘अस्मिता’ हा प्रकल्प जाहीर झाला: पाच वर्षांत २२ भारतीय भाषांत २२ हजार पुस्तके. मराठीच्या वाट्याची पुस्तके खरोखर उतरली तर चांगलेच. पण परिभाषेचा अनुभव सांगतो की दिल्लीत ठरलेला शब्द उमरग्याच्या वर्गात चालतो का, हे उमरग्याच्या वर्गातच कळते. तिथून दुरुस्ती परत पाठवायची वाट आज कोणी आखलेली नाही.

डिजिटलचा भरवसा किती

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ योजना २०१० पासून महाविद्यालयांसाठी आहे. अनुदानपात्र महाविद्यालयाने वर्षाला पाच हजार रुपये आणि वर जीएसटी भरला की हजारो ई-नियतकालिके आणि लाखाच्या घरातली ई-पुस्तके खुली होतात. ग्रंथपालाने नाव नोंदवले की विद्यार्थी घरी बसून मोबाइलवरही वाचू शकतो. अनेक विद्यार्थ्यांना आपल्या नावाचे लॉगिन असू शकते हेच ठाऊक नसते. बी.टी. कार्ड देतानाच देवघेव काउंटरवर ते लॉगिन उघडून दाखवणे, एवढे आजही करता येईल, आणि त्याला वेगळा पैसा लागत नाही.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. सरकारने देशासाठी एकत्र सौदा केला की काय मिळू शकते याचे हे मोठे उदाहरण आहे. पण ही योजना सरकारी संस्थांसाठी सुरू झाली, आणि आपल्या जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. शिवाय या दोन्ही योजनांतला मजकूर मुख्यतः इंग्रजी आणि संशोधनाच्या पातळीचा आहे. लोहाऱ्याच्या प्रथम वर्षाच्या मुलाला ‘मागणीची लवचिकता’ समजून घ्यायला आंतरराष्ट्रीय नियतकालिक उपयोगी पडत नाही. त्याला मराठीतला एक स्वच्छ धडा हवा, ज्यात उदाहरण तुरीच्या भावाचे असेल.

राहिली झेरॉक्स. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील शिक्षणासाठीच्या सवलतीचा त्यात आधार होता. अपिलात खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा सुनावणीसाठी पाठवले, पण २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. विद्यार्थ्याच्या हक्काच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा आहे. पण झेरॉक्स असलेल्या पुस्तकाचीच निघते. जे मराठीत लिहिलेच गेले नाही, त्याची प्रत कोणतेही यंत्र काढू शकत नाही.

पुस्तक हातात असण्याने निकाल खरोखर बदलतो का? अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. तिथे आठ अभ्यासक्रमांत महागडी पाठ्यपुस्तके काढून राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ची मोफत पुस्तके लावली गेली. २१ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा श्रेणी सुधारल्या आणि नापास होणारे किंवा मध्येच विषय सोडणारे कमी झाल्याचे दिसले. अधिक सुधारणा झाली ती गरजू आणि अर्धवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत. तिथली परिस्थिती वेगळी आहे, पण पहिल्या दिवसापासून पुस्तक हातात असण्याचा लाभ गरिबाला जास्त होतो, हे कळायला तेवढे पुरेसे आहे.

करारात काय असावे

पहिली गोष्ट, एकत्र येणे. एकट्या भूमच्या किंवा मुरूमच्या महाविद्यालयाची मागणी प्रकाशकाला लहान वाटेल. आठही तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी प्रथम वर्षाच्या समान विषयांची यादी केली, तर आकडा बोलण्याजोगा होतो. हे काम धाराशिव उपपरिसराने आणि ग्रंथपालांनी पुढाकार घेऊन करावे. बैठक जानेवारीत व्हावी, म्हणजे प्रकाशकाला पाच महिने मिळतील.

दुसरी गोष्ट, पुस्तकपेढी. महाविद्यालयाने घाऊक दराने प्रती घ्याव्यात, विद्यार्थ्याला सत्रापुरत्या भाड्याने द्याव्यात आणि ते भाडे दिवाळीनंतर घ्यावे. एक प्रत तीन-चार वर्षे फिरली की प्रत्येकावर पडणारा खर्च गाइडच्या किमतीच्या खाली येतो. प्रकाशकाला मात्र पैसे सुरुवातीलाच मिळाले पाहिजेत, नाहीतर लहान मराठी प्रकाशक या व्यवहारात टिकणारच नाही.

तिसरी गोष्ट, मजकूर. पुस्तक छापण्याआधी त्याचे दोन धडे चार वर्गांत शिकवून पाहावेत. मुले कुठे अडतात ते शिक्षकांनी लिहून काढावे आणि प्रकाशकाने त्यानुसार दुरुस्ती करावी, हे करारातच असावे. मुक्त विद्यापीठासारखा भाषा संपादक प्रत्येक पुस्तकाला हवाच. धड्यांची मोबाइलवर वाचता येईल अशी आवृत्ती त्याच किमतीत मिळावी, फडावर गेलेल्या मुलासाठी तीच खरी वर्गखोली आहे.

चौथी गोष्ट, मोजमाप. पुस्तक वेळेवर मिळालेला वर्ग आणि न मिळालेला वर्ग यांचे निकाल, एटीकेटी आणि दुसऱ्या सत्राला परत आलेल्यांची संख्या यांची नोंद ठेवावी. फरक पडला नाही तर करार बदलावा.

यात धोके आहेत, आणि ते आधीच लिहून ठेवले पाहिजेत. ज्याने पुस्तक लिहिले त्यानेच ते लावायचे आणि त्याचे मानधन घ्यायचे, हे चालू देऊ नये. निवड समितीने करावी, लेखकाने त्या बैठकीला बसू नये. कोणत्याही प्रकाशकाला साऱ्या विषयांची मक्तेदारी मिळू नये. विद्यार्थ्याच्या मोबाइलवरच्या वापराची माहिती कोणत्याही कंपनीला विकली जाऊ नये. आणि नेमलेल्या पुस्तकामुळे ग्रंथालयातली इतर पुस्तके बंद कपाटात जाऊ नयेत. एक पुस्तक हातात असलेला विद्यार्थीच दुसरे पुस्तक मागायला येतो.

जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. पुस्तकांबद्दल या जिल्ह्याला आस्था आहे, हे त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ती आस्था पाठ्यपुस्तकापर्यंत पोचली पाहिजे. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत या जिल्ह्याचे नाव घातले आणि शिक्षण हा त्या मोजणीचा एक भाग होता. आकांक्षा असलेल्या मुलांना आपण पुस्तकाशिवाय परीक्षेला बसवतो, हे लांच्छन आपले आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ ने प्रत्येक महाविद्यालयाला महाविद्यालय विकास समिती दिली आहे. तिच्यावर संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, प्राध्यापक, माजी विद्यार्थी असतात. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण अशा समितीवर असतील किंवा तिथे कुणाला ओळखत असतील. त्यांना एकच विनंती आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा: पुढच्या जूनमध्ये प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात पहिल्या तासाला पुस्तक असेल का, आणि त्यासाठी कोणत्या प्रकाशकाशी, कोणत्या तारखेपर्यंत, काय ठरवायचे? उत्तर लेखी घ्या आणि जूनमध्ये वर्गात जाऊन तपासा.